शुद्ध पदार्थ ओळखा

तहान माणसाला कुठे नेऊन उभं करील, सांगता येत नाही. त्या दुपारी चित्रकलेच्या नव्या सरांना तिने सरळ विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आणून सोडलं. खिडकीजवळच्या टेबलावर तीन बीकर ओळीने मांडलेले होते. तिन्हींतलं पाणी सारखंच नितळ. सरांनी मधला उचलला, मान वर केली आणि—

“अहो! थांबा!”

उशीर झाला होता. सरांचे गाल फुगले, डोळे वटारले गेले. दारात उभ्या असलेल्या विज्ञानाच्या बाईंनी घाईने बेसिनकडे बोट दाखवलं. पण नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी एका अनोळखी बाईंसमोर थुंकायचं कसं? सरांनी गिळून टाकलं.

“खारट आहे,” ते कसेबसे म्हणाले.

“असणारच. मिठाचं द्रावण आहे ते. एकात डिस्टिल्ड पाणी, एकात मीठ, एकात साखर. आठवीच्या मुलांनी न चाखता सांगायचं, यातला शुद्ध पदार्थ कोणता आणि मिश्रण कोणतं.”

“न चाखता? दिसतात तर सगळी सारखीच.”

“तापवून बघायचं. पाणी उडून जातं, तळाशी काय उरतं ते कळतं.”

“मी चाखून सांगितलं असतं. एका घोटात.”

“आणि विष असतं म्हणजे?”

“तर मग—” सर मिशीवरचा थेंब पुसत हसले, “—तेही एका घोटात कळलं असतं.”

बाईंना खरं तर रागवायचं होतं. प्रयोगशाळेतली वस्तू तोंडाला लावणं हा त्यांच्या लेखी अक्षम्य गुन्हा. पण हसू आधी आलं, आणि एकदा आलेलं हसू परत आत ढकलता येत नाही.

मुलं बाईंना त्यांच्या माघारी ‘गाळणीबाई’ म्हणत. नाव काही वाईट नव्हतं. बाई सगळंच गाळून घेत : निबंधातली फुशारकी, वर्गातल्या सबबी, आणि लग्नासाठी सांगून आलेली स्थळंसुद्धा. याचं कारण घरात होतं. त्यांच्या ताईकडून नवऱ्याने लग्नाआधी गोड गोड बोलून होकार मिळवला होता आणि पुढे वर्षभरात कळलं, की त्याचं मन दुसरीकडेच होतं, लग्न नुसतं आईवडिलांच्या आग्रहाखातर. ताई परत आली ती बोलणं विसरूनच. ते बाईंनी जवळून पाहिलं होतं. दुधाने तोंड पोळलं ताईचं, आणि ताक फुंकून प्यायला लागल्या बाई.

चित्रकलेचे सर रजेच्या जागेवर आले होते, तात्पुरते. त्यांचा वर्ग प्रयोगशाळेला लागून, आणि पाण्याचा नळ मात्र एकच, बाईंच्या बाजूला. त्यामुळे ब्रश धुवायला सर येत. दिवसातून इतक्यांदा ब्रश धुणारा चित्रकार बाईंनी कधी पाहिला नव्हता.

“सर, तो ब्रश कोरडा आहे.”

“हो का? बघा, लक्षातच आलं नाही…”

मधल्या सुट्टीत डबे एकत्र उघडायला लागले. सर खोली घेऊन एकटेच राहत. त्यांच्या डब्यात बहुतेक वेळा पाव आणि अपराधी चेहरा असे. बाई आपली बटाट्याची भाजी मधोमध सरकवत आणि खिडकीबाहेर बघत. सर जेवताना बाईंकडे बघत. बाईंना ते न बघताही कळे.

एकदा सरांनी काळं स्केचपेन आणून टेबलावर आपटलं. “वाळत चाललंय. तुमच्या शास्त्रात काही उपाय?”

“उपाय नाही, गंमत आहे,” बाई म्हणाल्या. त्यांनी गाळण कागदाची पट्टी घेतली, खालच्या टोकाशी काळा ठिपका दिला आणि टोक पाण्यात बुडवून पट्टी उभी धरली. पाणी हळूहळू वर चढलं. ठिपक्याला पाय फुटले. आधी गुलाबी निघाला, मग पिवळसर, मग निळा… दोघांची डोकी पट्टीवर झुकली होती. सरांच्या बाहीला टर्पेंटाइनचा वास होता.

“म्हणजे हा काळा नव्हताच?” सर हळूच म्हणाले.

“मिश्रण होतं.”

“पण मी तर इतके दिवस त्याने काळंच काढत होतो.”

बाईंनी वर पाहिलं. सर पट्टीकडे बघतच नव्हते.

सत्र संपत आलं, तसं जुन्या सरांच्या परतण्याची तारीख ठरली. आणि एका दुपारी, मुलं मैदानावर असताना, सर नळापाशी आले. हातात ब्रश नव्हता.

“मला कायमची नोकरी मिळतेय. लांब आहे, रात्रभराच्या प्रवासाचं गाव.” ते थांबले. “इथेही एका शाळेत अर्धवेळ जागा आहे. तुम्ही म्हणालात, तर… ती घेतो. बाई, मला तुम्ही फार आवडता. लग्न कराल माझ्याशी?”

बाईंच्या छातीत इतकं धडधडलं, की त्यांना हो म्हणायला श्वास पुरला नाही. तेवढ्या वेळात सवयीने गाळणी पुढे केली.

“कशामुळे आवडते?”

दुसरा कुणी असता तर डोळे-केस-आवाज असं काहीबाही बोलून मोकळा झाला असता. सर विचार करायला लागले. खोटं बोलता येत नसलेल्या माणसाचं असंच होतं.

“खरं सांगू? एकटा आहे मी इथे, ते त्यात असणार. तुमची भाजी आहे, हसू नका, आहेच. आणि… माझं एकदा ठरलेलं लग्न मोडलंय. तिने मोडलं. ते दुखणं तुमच्याशी बोलताना थांबतं. तेही असेल थोडं. पण हे सगळं धरून तुम्ही—”

“म्हणजे मिश्रण,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“तुम्हाला मीच हवी आहे, की एकटेपणा घालवायला कुणीतरी, हे तुम्हाला तरी कसं कळणार?” त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता. तो तसा झाला की त्यांना स्वतःचंच भय वाटेनासं होई. “तुम्ही जा. लांबची नोकरी घ्या. नवं सत्र सुरू होईपर्यंत भेट नाही, फोन नाही. एकटेपणा जाईल, जुनं दुखणं जाईल. मग तळाशी जे उरेल, ते खरं.”

“आणि काही नाही उरलं, तर?”

“तर नव्हतंच.”

सरांनी ठिबकणारा नळ घट्ट बंद केला. “बाई, मीठ तळाशी राहतं, कबूल. पण पाणी उडून जातं म्हणून ते नव्हतं, असं कसं म्हणायचं?”

बाई धुतलेलाच बीकर पुन्हा धुवायला लागल्या.

सर गेले. सुट्टी लागली, आणि प्रयोगाची आच सरांना किती लागली कोण जाणे, बाईंना मात्र पुरेपूर लागली. भाजी उरायला लागली. टर्पेंटाइनचा वास आला की रस्त्यात पाय थबके. बघावं तर कुणीतरी घराचं दार रंगवत असे. आईच्या नजरेतून काय सुटणार? तिने खोदून विचारलं आणि बाईंनी सगळं सांगून टाकलं.

“अगं, चहा गाळून पितात. माणसं नाही गं गाळत,” आई म्हणाली.

आणि क्वचितच बोलणारी ताई त्या दिवशी बोलली. “माझ्या नवऱ्याने काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. यांनी सगळं सांगितलं. दोघांना तू एकाच मापाने मोजलंस?”

बाई उठल्या, फोन हातात घेतला. सरांचा नंबर काढला. आणि… ठेवून दिला. चालू प्रयोगात मध्येच हात घालायचा नाही, मांडणी हलली की निष्कर्ष वाया जातो, हे त्यांनीच तर वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं होतं. दुसऱ्या कुठल्याही बाईने तो फोन केला असता. या विज्ञानाच्या होत्या. नवं सत्र उजाडायची वाट बघत राहिल्या, आणि मनाशी ठरवून टाकलं, की ते आले की काही विचारायचं नाही. नुसतं हो म्हणायचं.

सत्र सुरू झालं आणि सर खरंच आले. कार्यालयातून अनुभवाचा दाखला घ्यायचा होता. तो घेऊन ते प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. अंगावर नवा शर्ट, चेहरा भरलेला.

“तुम्ही सांगितलं होतं म्हणून आलो. सांगायला.”

बाईंच्या ओठांवर तो ‘हो’ तयार होता.

“माझं लग्न ठरलंय,” सर म्हणाले. “तिथल्याच शाळेत आहे ती. मी आजारी पडलो होतो तेव्हा खोलीवर आली. म्हणाली, जेवलात का?… तुम्हाला फोन करावासा फार वाटायचा. पण तुम्ही नको म्हणाला होतात.”

“हो,” बाई म्हणाल्या. म्हणायचा होता तोच शब्द, पण आता त्याला काही अर्थ उरला नव्हता. “बरं झालं.” मग राहवलं नाही म्हणून त्यांनी विचारलं, “आणि हे… हे शुद्ध आहे?”

सर हसले. डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी लपवलं नाही.

“छे हो. यात तुम्हीसुद्धा आहात. मी सांगितलंय तिला. ती म्हणाली, असू देत.”

त्यांनी नमस्कार केला आणि ते वळले. बसची वेळ झाली होती. बाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या. असू देत. एवढंच म्हणायचं होतं. त्या दुपारी, नळापाशी, एवढंच. आपण गमावलेला माणूस लबाड निघाला असता तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं आणि त्याची त्यांना लाज वाटली.

मग काय झालं ते आठवीची मुलं पुढे कितीतरी दिवस एकमेकांना सांगत होती. गाळणीबाई पळाल्या. व्हरांड्यातून, पायऱ्यांवरून, मैदान ओलांडून, पदर सावरायचंही भान न ठेवता. पोचून काय बोलणार होत्या, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या काही न तपासता निघाल्या होत्या.

फाटकाशी पोचल्या तेव्हा बस वळणावर होती. मागच्या खिडकीत कुणीतरी हात हलवला, की नुसतीच काच चमकली, ते इतक्या लांबून ओळखता येण्यासारखं नव्हतं.