शिळांनी प्यायलेली प्रार्थना

ताईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, एवढंच माझं काम होतं. टळटळीत दुपार. भावोजींनी दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवूनच.

"सकाळपासून खाली ध्यानाला बसलीय. दारातूनच हळूच बोलावून आण."

भावोजींनी उभा जन्म जुन्या धर्मांच्या अभ्यासात घालवला. निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोक्यात एक नवंच शास्त्र शिरलं. जिथे शतकानुशतकं प्रार्थना होते तिथले दगड ती शक्ती पिऊन घेतात, आणि निवांत बसणाऱ्याला ती परत देतात. मग कुठल्याशा पडक्या देवस्थानाच्या शिळा आणून त्यांनी सगळं तळघर मढवून काढलं. "सवत आणली असती तर निदान बोलली तरी असती," असं म्हणून ताई हसायची.

मी खाली उतरले. ओलसर मातीचा आणि विझलेल्या वातीचा वास येत होता. कोपऱ्यात एक मिणमिणता दिवा, मधोमध चटईवर ताई. मी आत पाऊल टाकलं तशी ती ओरडली, "दार धर!"

तोवर ते माझ्या पाठीमागे आपोआप बंद झालं होतं. आतून उघडायची कडी नव्हती. कोणी ध्यानातून मध्येच उठू नये म्हणून भावोजींनीच ती काढून टाकली होती.

"वेडे, आत कशाला आलीस..." ताईचा हात गारठला होता.

"अगं, भावोजी वरच आहेत." मी जोरात हाक मारली, "दार उघडा!"

भिंतींनी उत्तर दिलं. आधी एका कोपऱ्यातून, मग चहूबाजूंनी, दबक्या आवाजात एकच शब्द... हेरामू... हेरामू... माझी हाक त्यात बुडून गेली.

छतातून वर जाणारी एक तांब्याची नळी होती. तिच्यातून भावोजी बोलले, आनंदाने थरथरत. "अहाहा! आज किती स्पष्ट!"

"भावोजी, आम्ही आहोत! उघडा!"

हेरामू, भिंती गरजल्या.

"हे म्हणतात, ते देवाचं आवाहन आहे," ताई माझ्या कानाशी पुटपुटली. "मलाही तसंच वाटायचं. पण मी आपल्याशीच पुटपुटत पाणी मागितलं, आईला हाक मारली, तेव्हा या भिंती गप्प होत्या. 'उघडा' म्हटलं की मगच बोलतात... आवाहन नाही गं ते. त्याही 'उघडा'च म्हणतायत. यांच्या आड कोणाला तरी कोंडलं होतं."

मी दारावर मुठी आपटू लागले. जितकं ओरडावं तितक्या त्या चढ्या आवाजात ओरडत, आणि वर भावोजी "वा, वा!" करत. शेवटी ताईने माझं तोंड दाबलं.

"गप्प राहा. आवाज थांबला तर ते बघायला येतील."

आम्ही गप्प झालो. भिंती मात्र एकट्याच विनवत राहिल्या, रडवेल्या, अगदी जवळून. ओ न देणं फार कठीण होतं. हळूहळू त्याही थकल्या... मग जिन्यावर पावलं वाजली आणि दार उघडलं.

"का थांबलं?" भावोजींनी वैतागून विचारलं. मग त्यांनी ताईचा चेहरा पाहिला.

ताई तेव्हापासून माझ्याकडेच राहते. आल्या आल्या तिने माझ्या घरातल्या दारांच्या बाहेरच्या साऱ्या कड्या काढायला लावल्या. भावोजी रडले, माफी मागितली, शिळा उखडायला गवंडी बोलावला. त्या वेळी मी तिथेच उभी होते. पहिली शिळा सुटली. तिच्यामागच्या, भावोजींनीच घालून घेतलेल्या सिमेंटमध्ये दोन तळहातांचे ठसे खोलवर उमटले होते.

गवंड्याने त्यांना बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "हे गरम आहेत..."