सॅम झोपला नव्हता

"घोर! अजून जोरात घोर! शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे!"

नील उशी डोक्याखाली घेऊन गालिच्यावर आडवा पडला होता. घोरायचं सोडून तो छताकडे बघत होता.

"बाबा, मला नाही करायचं."

"अरे, मेन रोल आहे! सगळं गाव बघायला येणार!" शिरीषने बूट पॉलिशची डबी उघडली. "आणि हे तोंडाला लावायचंय. प्रॅक्टिस म्हणून थोडं आत्ताच लावू."

"मी ऑलरेडी ब्राउन आहे! आणखी काळं कशाला?"

"कोळशाची काजळी आहे रे ती!"

"मग कॅप्टनच्या तोंडाला का नाही लावत?" दारातून ईशा ओरडली. नीलची ही धाकटी बहीण अकरा वर्षांची होती आणि तिच्या प्रश्नांना घरात कुणाकडेच उत्तर नसायचं. शिरीषने डबी बंद केली आणि चहा टाकायला निघून गेला.

ऑकलंडच्या मनुरेवा भागातली ही मंडळी जानेवारीच्या सुट्टीत मिलर्स लँडिंगला आली होती. वायकाटो नदीकाठी एक डेअरी म्हणजे छोटं किराणा दुकान, एक पेट्रोल पंप, एक लाकडी चर्च, एवढंच गाव. सोबत नीलच्या वर्गातली जुई होती, आणि भारतातून आलेले तिचे आजोबा विश्वनाथ.

गावाचा अभिमान म्हणजे 'मटुकु'. ही चाकांची आगबोट होती. नाव एका पाणपक्ष्याचं, माओरी भाषेतलं. पीठ, मेंढ्या, टपाल, माणसं, सगळं घेऊन ती नदीतून वर जायची. १८८२ साली याच वळणावर तिचा बॉयलर फुटला. चार माणसं मेली. दरवर्षी त्या दिवसाची जत्रा भरते, आईस्क्रीम विकलं जातं आणि एक विनोदी नाटुकलं होतं. कॅप्टन ओरडतो, भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन सॅम घोरतो, मग धडाम! लोक पोट धरधरून हसतात. मेलेल्या माणसावर हसायला पैसे पडत नाहीत.

नेहमी कुणीतरी गोरा मुलगा तोंड काळं करून सॅम व्हायचा. यंदा कमिटीला सुट्टीला आलेला एक खराखुरा भारतीय मुलगा दिसला. आणि त्याचा बाप म्हणाला, "इट्स अ‍ॅन ऑनर!"

खरंच म्हणाला तो तसं.

जत्रा परवावर आली होती. तिन्ही मुलं जांडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत नदीकाठी गेली, मागोमाग आजोबा. गवतात मटुकुचा गंजलेला बॉयलर पडला होता, एखाद्या खोलीएवढा. शेजारी दगडावर पितळी पाटी. जुईने ती मोठ्याने मराठीत सांगितली. कॅप्टन वॉर्ड, मिस्टर डन, मिसेस डन, "आणि मुंबईचा खलाशी सॅम, ज्याच्या झोपेने हे तिघे गेले."

"चौथा तो स्वतःच की!" ईशा म्हणाली. "आणि मुंबईच्या माणसाचं नाव सॅम?"

"त्यांना खरं नाव उच्चारता आलं नसेल," नील म्हणाला. "आमचे पीटी सर मला नेल म्हणतात. खिळा!"

"आजोबा, काय करताय?" जुई एकदम किंचाळली.

आजोबांनी बॉयलरच्या तोंडात खांद्यापर्यंत हात घातला होता. मग त्यांनी बाहेरून एक चक्कर मारली. कुशीला जिथे पत्रा फणसासारखा फाटला होता तिथे ते थांबले आणि त्यांनी फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"चूक आहे," ते म्हणाले.

"काय चूक आहे?"

"पाटी."

आजोबांनी साखर कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. ऑकलंडला आल्यापासून मात्र त्यांना कुणी गीझरसुद्धा दाखवला नव्हता. सोफ्यावर बसा, टीव्ही बघा, बाहेर एकटे जाऊ नका. म्हाताऱ्या माणसाचं आपण असंच करतो.

"फायरमन झोपला तर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"आग विझते?" ईशा म्हणाली.

"पाणी संपतं. बॉयलरमधलं पाणी खाली गेलं की भट्टीचं छत उघडं पडतं, लाल होतं आणि खाली बसतं. इथे छत बसलेलंच नाही. फुटलाय तो कुशीला. म्हणजे पाणी होतं, पण वाफ फार झाली होती." ते खाली वाकले. "पण माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? पुरावा आत आहे. भट्टीच्या छतात एक पितळी बूच असतं, त्याच्या पोटात शिसं भरलेलं. लेड प्लग. पाणी कमी पडलं की सगळ्यात आधी ते शिसं वितळतं, भोक पडतं आणि वाफ आगीवर येते. शिसं गेलं असेल, तर तुमचा सॅम झोपला होता. शिसं जाग्यावर असेल..."

वाक्य पुरं व्हायच्या आत नीलने शर्ट काढला होता!

आत गंज होता, चिखल होता, कोळी होते. "ईऽऽ! हीप्स ऑफ कोळी!" आतून आवाज घुमला. ईशाने बॉयलरच्या तोंडातून टॉर्चचा झोत धरला. जुईने तारेची घासणी आत सरकवली.

"सापडलं! अंगठ्याएवढं आहे!"

"घास! हळू घास!"

बराच वेळ फक्त खरखर ऐकू येत होती.

"आजोबा," आतून नीलचा आवाज आला, आता अगदी बारीक. "मधे राखाडी आहे. नख लावलं की ओरखडा उठतोय. भोक नाहीये."

"जिंकलो! आजोबा, आपण जिंकलो!" मुली नाचायला लागल्या.

आजोबा गवतावर बसले. त्यांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा बघून मुलींचं नाचणं आपोआप थांबलं.

"कारखान्यात माझ्याबरोबर गुरुनाथ होता," ते म्हणाले. "शहाऐंशी साल. गळीत हंगाम जोरात होता. साहेबांना जास्त वाफ हवी होती, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हच्या दांडीला लोखंड टांगलं. वाफ फार झाली की ती सोडून द्यायला असतो तो व्हॉल्व्ह. मी डोळ्यांनी बघितलं. बॉयलर फुटला आणि गुरुनाथ गेला. चौकशीला तीन जण खुर्च्यांवर बसले होते. मला विचारलं, त्याला डुलकी लागली होती का?"

त्यांनी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला.

"मी म्हणालो, असेल. एवढंच. असेल." त्यांनी नदीकडे तोंड फिरवलं. "जुई, तुझी आई तेव्हा चार वर्षांची होती. माझी नोकरी राहिली. त्याच्या बायकोला क्वार्टर खाली करावं लागलं."

चिखलाने माखलेला नील बॉयलरच्या तोंडात तसाच बसून होता. शेवटी तो म्हणाला, "आजोबा, या बोटीचा सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे गेला?"

गावाचं संग्रहालय म्हणजे चर्चमागची पत्र्याची शेड. किल्ली आंटी मेरेकडे असायची.

"किया ओरा! पाय पुसा आधी!" माओरीत नमस्कार करून तिने सगळ्यांना आत घेतलं.

तो भिंतीवरच होता. 'अँकरचा तुकडा' अशी चिठ्ठी होती आणि वर कुणीतरी टोपी अडकवली होती! आजोबांनी टोपी काढली. खाली दांडी होती. तिच्याभोवती साखळीचे तीन वेढे होते आणि वेढ्यांना बोल्ट मारलेला.

"अँकर नाही हा," आजोबा म्हणाले. "सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. बांधून टाकलेला."

जुईने हे इंग्रजीत सांगितलं. आंटी मेरेने ती अँकरची चिठ्ठी खाली काढली. "चाळीस वर्षं मी याच्यावरची धूळ झटकतेय," ती म्हणाली.

संध्याकाळी मुलं कमिटीच्या ग्रॅहम वॉर्डकडे गेली. होय, वॉर्डच! कॅप्टन त्याचा खापरपणजोबा होता. दरवर्षी कॅप्टनची टोपी तोच घालायचा.

"छान गोष्ट आहे, मुलांनो," तो हसत म्हणाला. "पण जत्रा परवा आहे. थोडी मजा असते ती, बस."

"मजा कुणाची?" ईशाने विचारलं. त्याने दार लावून घेतलं.

घरी शिरीष चिडला. "कशाला वाद घालायचा? आपण इथे बाहेरून आलेले!"

"तोही बाहेरूनच आला होता, बाबा," नील म्हणाला. मग तो अचानक शहाणा झाला. "पण मी करतो सॅमचं काम. तुम्ही शब्द दिलाय ना."

शिरीष खूश झाला. मोठ्या माणसांना गप्प बसवणं इतकं सोपं असतं!

शनिवारी अकरा वाजता नदीकाठच्या हिरवळीवर तीनेकशे माणसं जमली होती. ग्रॅहम टोपी घालून गरजला, "सॅम! ऊठ, आळशी!"

लोक हसायला तयार होऊन बसले होते. नीलने उशी उचलली आणि नदीत फेकली. त्याच्या तोंडाला पॉलिश नव्हतं. त्याने खोटं फावडं उचललं आणि खोट्या भट्टीत खोटा कोळसा टाकायला लागला.

"ऊठ, सॅम!"

"मी जागा आहे, कॅप्टन."

थोडे लोक हसले.

"मी जागा आहे. पाणी भरलेलं आहे. व्हॉल्व्ह कुणी बांधला?"

आता कुणीच हसलं नाही. गर्दीतून जुई आणि ईशा ढकलगाडी घेऊन आल्या. गाडीत ती साखळी, ती दांडी. मागून आंटी मेरे चालत होती, म्हणून कुणी त्यांना अडवलं नाही. तिच्या हाताला धरून आजोबा मंचावर चढले. शिसं काय असतं, साखळी काय करते, ते मराठीत सांगत गेले आणि जुई इंग्रजीत.

"हा माणूस झोपला नव्हता," आजोबा शेवटी म्हणाले. जुईने सांगितलं.

"गुरुनाथही झोपला नव्हता. मी बघितलं होतं."

जुई थांबली. आजोबांनी होकाराची मान हलवली. मग तिने तेही सांगितलं. गुरुनाथ कोण हे गर्दीत कुणालाच माहीत नव्हतं, तरी कुणी विचारलं नाही.

ग्रॅहम गाडीजवळ गेला. त्याने साखळी उचलून पाहिली, बोल्ट चाचपला. मग डोक्यावरची टोपी काढली, आणि ती कुठे ठेवावी हे न कळून हातातच धरून उभा राहिला.

पुढचं सगळं रीतसर झालं. लोकांनी मुलांच्या पाठी थोपटल्या. ग्रॅहमने तिघांशी हात मिळवले आणि पाटी बदलू म्हणाला. शिरीषने नीलला जवळ घेतलं. "शाबास रे. मी बावळट आहे," तो म्हणाला, आणि या वेळी ईशाने त्याला दुरुस्त केलं नाही.

फक्त एक गोष्ट झाली नाही. आंटी मेरेने जुनी वर्तमानपत्रं काढली, दफनाची नोंदवही काढली. सगळीकडे सॅम. खरं नाव कुणी लिहूनच घेतलं नव्हतं. त्याची आई कुठल्या गावी वाट बघत बसली, ते आता कधीच कळणार नाही.

एप्रिलच्या सुट्टीत मुलं पुन्हा आली, आजोबांशिवाय. ते फेब्रुवारीतच परत गेले होते. नव्या दगडावर चार ओळी होत्या. तिसऱ्या ओळीत 'फायरमन, मुंबईचा. तो जागा होता' एवढं कोरलं होतं आणि त्याच्या आधी नावापुरती जागा मोकळी सोडली होती. नीलनेच तसं सांगितलं होतं.

जुईने फोनवर आजोबांना ते दाखवलं.

"गुरुनाथच्या मुलीकडे गेलो होतो," आजोबा म्हणाले. "सगळं सांगितलं. तिने चहा दिला. मग विचारलं, काका, तेव्हा का नाही बोललात?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" ईशाने विचारलं.

आजोबांनी फोन तोंडाजवळ धरला.

"नील आहे का तिथे?"

"आहे, आजोबा."

"त्या मोकळ्या जागेवर हात ठेव बाळा. माझ्याकडून."

नीलने तळहात ठेवला. काळा दगड दुपारच्या उन्हाने तापला होता. चटका बसत होता, तरी त्याने हात काढला नाही.