चिकटवलेलं झाकण

ही गोष्ट खरी आहे. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. ज्याच्या बाबतीत हे घडलं, त्या बद्रीनाथचा तर माझ्याहून नव्हता. बद्रीनाथ माझा मावसभाऊ. थापा मारणारा माणूस नाही तो. त्याच्या तोंडून चार शब्द काढायचे तर चार कप चहा पाजावा लागतो.

आणखी एक आधीच सांगून टाकतो. यात अमावास्या नाही, मध्यरात्र नाही, पिंपळ नाही.

साल १९९८. मे महिना. तेव्हाचं औरंगाबाद.

वेळ भर दुपारी दोनची.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत बद्रीनाथचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. दुकानांचे बोर्ड, गाड्यांचे नंबर, निवडणूक आली की भिंती. दुकानावर दोन खोल्या. तिथं तो, बायको आवडा आणि आई द्वारकाबाई राहायचे. मूळचं घर पाचोडचं, पण थोडीशी शेती चुलत्यांना वाट्यानं देऊन ही मंडळी कधीच शहराची झाली होती.

धाकटा भाऊ काकासाहेब फौजेत होता. आमच्याकडं पाळण्यातल्या पोराचं नावही काकासाहेब ठेवतात, त्याला इलाज नाही. पोरगं चोवीस वर्षांचं आणि काम रणगाडा चालवायचं.

मार्चमध्ये तो सुट्टीवर आला, तेव्हा दिल्लीहून एक खोकं घेऊन आला. आत प्लास्टिकचे दीडशे-दोनशे तुकडे. सगळे जोडले की वीतभर लांबीचा हुबेहूब रणगाडा व्हायचा.

“दादा, माझा गाडा अस्साच हाय. तू जोड आन् तूच रंगव. पन नवा कोरा नको. लई धूळ खाल्लेला, घासलेला, कुठं कुठं गंजलेला दिसला पाहिजे. माझ्यावानी.”

गाड्याचा नंबरही त्यानं कागदावर लिहून दिला. मग तो गेला. जाताना म्हणाला, मे महिन्यात राजस्थानात सरावाला जायचंय, महिनाभर फोन नाही.

बद्रीनाथनं काम मनावर घेतलं. मे महिन्यात दुपारी गिऱ्हाईक फिरकत नाही. तो शटर अर्धं ओढायचा आणि कूलरसमोर बसायचा.

आयुष्यभर जुन्या पाट्या नव्या करणारा माणूस. पहिल्यांदाच नव्याचं जुनं करत होता, आणि त्याला ते फार आवडलं. आधी हिरवट-पिवळा रंग. तो वाळला की टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला काळपट तपकिरी रंग खाचाखाचांतून सोडायचा. तो सगळ्या सांध्यांत जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षांची घाण साचल्यासारखी वाटते. मग स्पंजाच्या तुकड्यानं कडांवर ठिपके, म्हणजे रंग उडालेला लोखंडी पत्रा. साखळ्यांना गंज. शेवटी धूळ. ती त्यानं पिवळी माती आणून, मलमलच्या फडक्यातून तीनदा गाळून केली.

वरच्या फिरत्या, तोफेच्या बुरुजावर नंबर घातला. नंबर घालण्यात त्याचा हात कोण धरणार!

खोक्यात चालकाचा बाहुलाही होता. बोटाच्या पेराएवढा. त्याचे दोन्ही हात खाली, गाडा वळवायच्या दांड्यांवर धरलेले. बद्रीनाथनं एका केसाचा ब्रश करून त्याला काकासाहेबाची मिशी काढली, हनुवटीवरचा व्रणही काढला. आवडा म्हणाली, “अगं बाई, भावजीच की हो!”

चालक रणगाड्यात पुढं एकटा बसतो. त्याच्या डोक्यावर एक झाकण असतं. खोक्यावरच्या चित्रात ते उघडं होतं आणि चालकाचं डोकं बाहेर दिसत होतं. बद्रीनाथ तसंच करणार होता.

इतक्यात द्वारकाबाई जिना उतरून आल्या. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“ह्यो काकासाब व्हय रं?”

“व्हय माय.”

“आन् त्याचं डोकं असं उघड्यावर? राजस्थानचं ऊन किती असतंय, म्हाईत हाय का तुला? त्याला लहानपनापसून ऊन सोसत नाय. घोळणा फुटतो त्याचा. झाकन लाव.”

“माय, बाहुला हाय तो.”

“असू दे. लाव म्हनते ना.”

आईशी कोण वाद घालणार? बद्रीनाथ हसला. त्यानं बाहुला आत बसवला, झाकण ठेवलं आणि कडेनं डिंक सोडला.

आता हा डिंक साधा नसतो. तो चिकटवत नाही, तो प्लास्टिक वितळवतो. दोन तुकडे वाळले की एकच तुकडा होतो. मग ते पुन्हा सुटे होत नाहीत.

तो दिवस सोमवार होता.

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास बद्रीनाथ एका दवाखान्याची पाटी रंगवत बसला होता. रणगाडा मागच्या फळीवर वाळत ठेवलेला.

गल्ली सामसूम. वीज गेलेली, त्यामुळं कूलर बंद.

टक… टक… टक…

त्याला वाटलं, शटरवर कुणीतरी आहे. उठून पाहिलं. कुणी नव्हतं.

टक… टक… टक…

आवाज मागून येत होता. फळीवरून.

उन्हानं लाकूड तडकत असेल, असं म्हणून तो पुन्हा बसला. पण लाकूड असं मोजून तडकत नाही. तीन ठोके, मग जरा शांत. पुन्हा तीन ठोके.

त्यानं रणगाडा उचलून कानाशी धरला.

आवाज आतून येत होता.

गंमत म्हणून, हो, गंमत म्हणूनच, त्यानं नखानं झाकणावर दोनदा वाजवलं.

आत शांतता…

आणि मग आतून दोनदा उत्तर आलं.

बद्रीनाथनं रणगाडा झटकन कानापासून दूर केला. फळीवर ठेवताना त्याला आणखी एक गोष्ट दिसली. झाकणाच्या कडेनं काजळी धरली होती. त्यानं तिथं काळा रंग लावलाच नव्हता. फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवून त्यानं ती पुसली, स्वच्छ निघाली.

तो वर चहा पिऊन खाली आला, तेव्हा काजळी परत आली होती.

त्या दिवशी तो कुणाला काही बोलला नाही. लोक काय म्हणतील? टर्पेंटाइनचा वास डोक्यात गेला म्हणतील.

बुधवारी त्यानं मुद्दाम आवडाला खाली बसवलं. दोन वाजले. ठोके सुरू झाले.

“ऐकू येतंय?”

“काय?”

“हे… हे काय. ठोकायलंय ना आतून!”

आवडानं कान लावला. मग नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. तिला काहीच ऐकू येत नव्हतं. पण रणगाडा हातात घेतल्यावर तीही दचकली.

“अहो… हा गरम कसा काय?”

फळीवर ऊन येत नव्हतं. दुकानाच्या त्या कोपऱ्यात कधीच ऊन येत नाही.

मग मात्र बद्रीनाथ धावत एसटीडी बूथवर गेला. काकासाहेबानं पलटणीचा एक नंबर देऊन ठेवला होता, अगदीच नड पडली तर म्हणून. बूथवाले चाचा त्याचा चेहरा बघून म्हणाले, “क्या हुआ बद्रीभाई? इत्ता पसीना कायकू छूट रा?”

पाऊण तासानं फोन लागला. पलीकडच्या माणसानं सांगितलं, सब लोग एक्सरसाइज पे हैं, सब ठीक है, मेसेज हो तो बोलो.

मेसेज काय सांगणार? खेळण्याच्या रणगाड्यातून माझा भाऊ दार वाजवतोय, असं?

“उसको बोलो…” बद्रीनाथ अडखळला. “बोलो, ढक्कन खुला रखना.”

“क्या?”

“ढक्कन. ऊपर का. खुला रखना बोलो. मैं उसका बडा भाई है.”

तिकडचा माणूस हसला. “बोल देंगे,” म्हणाला आणि फोन ठेवून दिला. निरोप पुढं गेला नाही, हे बद्रीनाथला फोन ठेवताक्षणीच कळलं होतं. पण दुसरं करणार तरी काय होता तो? हजार किलोमीटरवर भाऊ, वाळवंटात, आणि इकडं हा, हातात ब्रश घेऊन.

गुरुवारी त्यानं दुकान उघडलंच नाही. शटर आतून ओढून घेतलं, रणगाडा पुढ्यात घेतला आणि ठरवलं, आज झाकण काढायचं.

आधी पात्यानं कड कोरून पाहिली. पातं शिरेना. सांधा होताच कुठं? प्लास्टिक एकजीव झालं होतं. सुई तापवून लावली. ती घसरून तळहातात गेली.

दोन वाजून वीस मिनिटं.

ठोके सुरू झाले.

आज तीन-तीन नव्हते. आज थांबतच नव्हते.

टक टक टक टक टक…

“थांब रं… काढतो… थांब…” बद्रीनाथ मोठ्यानं बोलत होता. त्याला रडू फुटलं होतं. हातोडी मारावी, तर आत बाहुला. भावाचं तोंड काढलेला बाहुला. त्यावर हातोडी कशी मारायची? त्यानं करवतीचं पातं घेतलं आणि झाकणाच्या कडेनं घासायला लागला. पातं बोटात शिरलं, रक्त रंगावर ओघळलं, तरी तो घासतच राहिला.

डिझेलचा वास यायला लागला…

मग जळक्या रबराचा…

आणि दोन वाजून चाळीस मिनिटांनी ठोके थांबले.

मधेच थांबले.

बद्रीनाथ सांगतो, ते ठोके बरे होते रे, त्यानंतरची शांतता वाईट होती.

आणखी दहा मिनिटांनी झाकण निघालं. त्यानं आत डोकावून पाहिलं. बाहुला जागेवर नव्हता. तो वर, झाकणाच्या तोंडाशी सरकला होता. त्याचे हात, जे कारखान्यातूनच खाली दांड्यांवर धरलेले आले होते…

ते हात डोक्याच्या वर होते.

संध्याकाळी छावणीतून जीप आली. दोन जवान आणि एक साहेब खाली उतरले. त्यांनी टोप्या काढल्या, तेव्हाच द्वारकाबाई जिन्यात मटकन खाली बसल्या. सरावात इंजिनाला आग लागली होती. दोघं वाचले. चालक गेला. दुपारी पावणेतीनच्या आसपास.

तेरावा झाला. त्यानंतर चारेक दिवसांनी काकासाहेबाची ट्रंक घेऊन कडूबा आला. जालन्याकडचा पोरगा, त्याच गाड्यावर तोफ चालवायचा. दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. पाणी प्यायला, ट्रंक समोर ठेवली आणि खाली मान घालून बसला. मीही त्या दिवशी तिथं होतो. पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

“मावशी, एक सांगायचं होतं. साहेबांनी कागदात लिवलं नाय ते. पन मला झोप लागत नाय.”

“बोल लेका.”

“आग लागली तवा त्याच्या डोक्यावरचं झाकन अडकलं. आतून लई ठोकलं त्यानं. पन मागची वाट मोकळी होती. मागं सरकून आमच्या बुरुजातून निघता येतं. मी वरडलो, काकासाब, मागं सरक, इकडून ये. हात धरला मी त्याचा. हे बघा, तवाच भाजलं.”

कडूबानं पट्ट्या पुढं केल्या.

“त्यानं हात सोडवून घेतला. म्हनला, तुम्ही व्हा म्होरं. दादा वरून उघडायलाय.”

कडूबानं मान वर केली.

“मी म्हनलो, कोन दादा? म्हनला, आवाज येतोय की. घासायलाय. आता निघंल झाकन. अन् हसला मावशी. खरं सांगतो, हसला. तसाच वर बघत बसून राह्यला… आमच्या पलटनीत दादा म्हनून कुनी नाय. त्या गाड्यावर बाहेरून कुनी चढलंच नव्हतं. त्यो कुनाबद्दल बोलला, तेवढं इचारायला आलो मी.”

द्वारकाबाईंनी बद्रीनाथकडं पाहिलं. बद्रीनाथनं माझ्याकडं. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मला वाटलं, दुःखानं तो गार पडलाय.

“धुरानं डोकं फिरतं माणसाचं,” बद्रीनाथ कसाबसा म्हणाला. कडूबानं मान हलवली आणि जेवायला न थांबता निघून गेला.

मला सगळं सांगितलं ते बद्रीनाथनं सहा महिन्यांनी, पाचोडच्या शेतात, दिवसाउजेडी. आईला त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. आवडाला अर्धंच माहीत आहे. रणगाडा त्यानं कायगावला गोदावरीत सोडला. बाहुला सोडला की नाही, हे मी विचारलं नाही.

सगळं ऐकून माझ्या तोंडून निघून गेलं, “बद्री, तू उघडायला घेतलंच नसतं तर…”

मी जीभ चावली.

“बोल की,” तो म्हणाला. “घेतलं नसतं तर?”

या गोष्टीला आज कितीतरी वर्षं झाली. शहराचं नाव बदललं, द्वारकाबाई गेल्या. बद्रीनाथ भेटला की अजूनही मधेच बोलायचा थांबतो आणि माझ्याकडं बघतो. त्याला उत्तर पाहिजे असतं.

आणि मी दर वेळी चहा सांगतो.