सगळ्यात मागं

तुळजापुरातून सोलापूरच्या अंगाला निघालं की तामलवाडीच्या अलीकडं एक जुना रस्ता फुटतो. महामार्ग चौपदरी झाला आणि या रस्त्याला कुणी विचारीनासं झालं. डांबर मात्र शाबूत राहिलं. दोन्ही बाजूंना ज्वारी, पुढं खडकाळ माळ, माळाच्या पल्याड बोडके डोंगर आणि डोंगरांवर संथ फिरणाऱ्या पवनचक्क्या. तासभर सायकल चालवली तरी समोरून बैलगाडी आली तर आली.

तहसील कचेरीत कारकून असलेली प्रतीक्षा आणि शाळेत गणित शिकवणारी मोनिका, दोघी मैत्रिणी दर रविवारी सकाळी याच रस्त्यावर सायकली घेऊन येत. प्रतीक्षाचे पाय चपळ, ती पुढं. मोनिका मागून रमतगमत, कधी बोरं वेचायला थांबणार, कधी फोटो काढायला. मागच्या वर्षी पौषातल्या एका रविवारी वारा पाठीशी होता, सायकल अशी पळत होती की प्रतीक्षाला थांबवेना. उताराखालचा पूल ओलांडून ती फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर पोहोचली आणि तिथं अर्धा तास बसली. मोनिका आली नाही. ती पुलाच्या कठड्याशी पडलेली सापडली, डोक्याला मार. अर्धा तास आधी आणलं असतं तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले.

“ती माझ्या मागंच होती,” असं प्रतीक्षानं सगळ्यांना सांगितलं. मोनिकाच्या आईनं तिचा हात धरला आणि म्हणाली, “तू संग होतीस ना बाळा, तेवढंच समाधान.” त्या वाक्यानं प्रतीक्षाची वर्षभर झोप उडवली.

वर्ष भरलं त्या रविवारी तिनं सायकलवरची धूळ पुसली. नवरा, योगीराज, म्हणाला, “मी येतो गाडीवर मागनं.” ती नको म्हणाली. त्या पुलावर एकदा एकटीनं जायचं होतं तिला.

सकाळचे साडेआठ वाजले होते. थंडी होती, उन्हं तिरपी होती. ज्वारीच्या कणसांवर पाखरं कलकलत होती. उतार आला, पूल आला, आणि थांबायचं ठरवून आलेली प्रतीक्षा थांबलीच नाही. कठड्याकडं न बघता ती नाकासमोर निघून गेली.

पुलानंतर पाखरांचा आवाज बंद झाला. ते तिच्या लगेच ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं ते दुसरंच. मागून बारीक आवाज येत होता. चट… चट… चट… एका लयीत. टायरला काही चिकटलं असेल म्हणून तिनं पायडल थांबवलं. सायकल पुढं घरंगळत राहिली, आवाजही येत राहिला. जरा जोर लावला, तसा तोही जलद झाला. मोनिकाच्या सायकलची साखळी ढिली होती, ती अशीच वाजायची. दुरुस्त करून घे म्हणून प्रतीक्षा तिला दर रविवारी सांगायची.

मागं वळून बघायचं धाडस झालं नाही. पुलापुढंही फाट्यापर्यंत हलका उतारच होता, पण त्या उतारावरही तिला पायडल मारावं लागलं. सायकल जड झाली होती.

फाट्यावर टपरी होती, मालक नवा होता. शिवपुत्र नावाचा तरणा गडी. त्यानं न विचारता दोन कप भरून फळीवर ठेवले.

“दोन कशाला?” प्रतीक्षानं विचारलं.

“मागच्यांना नको व्हय?”

“कोण मागचे?”

शिवपुत्रनं डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडं पाहिलं. “तुमच्या लगेच मागं दिसलं की कुणीतरी… उन्हं डोळ्यावर हायती. म्या म्हणलं तुमच्यातलंच असंल.”

प्रतीक्षानं चहा प्यायला. मनात भीतीपेक्षा दुसरंच काही दाटून आलं होतं. दुसऱ्या कपावर साय धरली. तो कप तसाच ठेवून तिनं सायकल वळवली आणि पुलाच्या दिशेनं हळूहळू निघाली. मागच्या माणसाला सहज गाठता येईल इतकी हळू.

आवाज आलाच. चट… चट…

“मोने,” ती पुढं बघतच म्हणाली, “मी सगळ्यांना सांगितलं, तू माझ्या मागंच होतीस. नव्हतीस गं. मला ठाऊक होतं तू लांब पडलीस ते. मी एकदाही वळून बघितलं नाही.”

आवाज जवळ आला. सीटच्या मागच्या बाजूला काहीतरी टेकल्यासारखं झालं, अगदी हलकं. प्रतीक्षाच्या डोळ्यांना धार लागली. रडता रडता तिला बरं वाटत होतं. वर्षभरात पहिल्यांदा.

पुलाच्या अलीकडं रस्ता मेंढरांनी भरला होता. धनगरांचा कळप वरच्या माळावरून खाली उतरत होता. पुढं म्हातारी म्हाळसाबाई, डोक्यावर गाठोडं. मागं तिचा नवरा बिरदेव, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. प्रतीक्षा एक पाय टेकून उभी राहिली. मेंढरं तिच्याजवळ आली आणि दुभंगली. तिला वळसा घालून दोन्ही अंगांनी गेली, पण तिच्या पाठीशी लगेच एक झाली नाहीत. सायकलच्या मागं चार हात जागा मोकळी सोडून मग मिळाली. दोन कुत्री होती. ती भुंकली नाहीत, शेपट्या पोटाशी घेऊन बसली.

म्हाळसाबाई जवळ आली. तिची नजर प्रतीक्षाच्या खांद्यावरून मागं गेली होती.

“कवापासनं हाय हे तुझ्या मागं?” तिनं हळूच विचारलं.

“ती माझी मैत्रीण आहे, मावशी. गेल्या साली इथंच गेली.”

“न्हाय लेकी.” म्हातारीनं मान हलवली. “ती सायकलवाली पोरगी म्या बघितली हुती. त्या दिशी आमी त्या वरल्या माळाला हुतो. एकटीच मागं पडली हुती बिचारी… अन् हे तिच्या मागं हुतं.”

प्रतीक्षानं दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं. “कशावर येतंय ते? सायकलवर?”

“पायानं. तुझ्या शिटाला धरून.”

तेव्हा तिला तो आवाज कळला. साखळीचा नव्हता तो. अनवाणी तळपायांचा होता.

“काय हाय ते, मावशी?”

“ठावं न्हाय. माझ्या सासऱ्याच्या वक्तापासनं या वाटंला हाय. जो सगळ्यात मागं असतो त्याच्या संग जातं. म्हणून आमी कुणाला एकटं मागं ठेवत न्हाय.” म्हातारीनं तिला निरखून बघितलं. “घरी कोण कोण हाय तुझ्या?”

“नवरा. सासू. लहान मुलगी.”

म्हाळसाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. बिरदेव कळपातून वाट काढत आला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“तू नीघ,” तो प्रतीक्षाला म्हणाला. “म्या येतो तुझ्या मागनं सडकंपातुर.”

“तुमी कशापायी?” म्हाळसाबाईचा आवाज चिरकला.

“तिच्या घरी लेकरू हाय.” त्यानं घोंगडं खांद्यावर नीट केलं. “पुढं बघून चालीव, माय. हाक आली तरी बघू नगंस.”

नको म्हणावं, असं प्रतीक्षाच्या मनात आलं. बाबा, तुम्ही नका येऊ, असं ओठापर्यंत आलं. पण सीटवर तो हलका भार होता, आणि आता त्याच्या बोटांची चाळवाचाळव तिला कळत होती. तिनं पायडलवर पाय ठेवला.

पुलावर सायकल जडच होती. पुलापलीकडच्या चढाला लागली तेव्हा मागं बिरदेवाच्या पायताणांची करकर ऐकू येत होती, आणि तिच्यात मिसळलेली ती चटचट. मग करकर थांबली. चटचटही थांबली. सायकल एकाएकी इतकी हलकी झाली की ती तोल जाऊन पडता पडता वाचली.

मागून कुणीतरी काहीतरी बोललं. हाक होती की नुसतं बोलणं, कळलं नाही. प्रतीक्षा जीव खाऊन पायडल मारत राहिली, महामार्गावरचे ट्रक दिसेपर्यंत. तिनं मागं बघितलं नाही. दुसऱ्यांदा.

आठवडाभर तिनं कुणाला काही सांगितलं नाही. शनिवारी रात्री योगीराजला सगळं सांगितलं. तो हसला नाही. रविवारी दुपारी दोघं मोटारसायकलवर शोधायला गेली. कळप डोंगराच्या पायथ्याला एका कापलेल्या तुरीच्या रानात चरत होता. म्हाळसाबाई बांधावर बसली होती. आठ दिवसांत तिचे गाल बसले होते.

“बाबा कुठं आहेत, मावशी?”

“येतेत की मागनं.” ती त्यांच्याकडं न बघता म्हणाली. “आधी कळपाला धरून चालायचे. आता रोज जरा जरा मागं पडतेत. म्या थांबले तर तेबी थांबतेत. जवळ येत न्हाईत.”

“आजारी आहेत का?”

“न्हाय. जेवतेत. झोपतेत, पर लांब.” तिनं पदर तोंडाला लावला. “आता तर बोलायबी लागलेत… माझ्यासंगं न्हाय.”

योगीराजनं प्रतीक्षाच्या दंडाला धरलं आणि माळाकडं बोट केलं.

लांब, दोन शेतं मागं, बिरदेव येत होता. भर उन्हात, एकटाच. उजव्या हातात काठी होती. डावा खांदा एका बाजूला पार उतरला होता आणि तो हात मागं, गुडघ्याच्या उंचीवर सोडलेला होता. मूठ मिटलेली, करंगळी तेवढी बाहेर, लहान लेकराला धरायला देतात तशी.

वाटेत एक दगड आला. बिरदेव थांबला, वाकून मागं काहीतरी म्हणाला, जरा वेळ वाट बघितली. मग हात किंचित वर उचलून दगड ओलांडला आणि पुन्हा चालू लागला.