जावईबापूंची गुहा

तिचं पत्र टेबलावर पडून होतं आणि मी उत्तर देत नव्हतो. इतरांची मुद्रितं तपासण्यात माझा जन्म गेला. स्वतःचं एक वाक्य लिहायचं म्हटलं की मला घाम फुटतो.

आमची ओळख दाताच्या दवाखान्यात झाली. बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती. मी तिच्याशेजारी पुस्तकात डोकं खुपसून बसलो होतो, तर पानावर टपकन थेंब पडला. वर पाहिलं... स्टुलावर एक बाई उभी, बाही वर सारलेली, हात टाकीत.

"अगं बाई! भिजलं का पुस्तक?"

"नाही... म्हणजे हो. चालेल."

"चालेल काय? वाळलं की मीठ धरेल."

ती डॉक्टरांची मावशी, टाकी तिची. थेंब वाळला, पानावर बारीक मीठ चमकलं. मी ते झटकलं नाही.

मग मी दवाखान्यात वारंवार जाऊ लागलो. डॉक्टर म्हणायचे, "काका, दात ठणठणीत आहे." मी म्हणायचो, "तरी एकदा बघाच."

टाकीत ठिपक्याठिपक्यांचा एक शिकारी मासा होता. दिवसभर दगडांच्या गुहेत बसायचा आणि जेवणापुरता बाहेर यायचा, म्हणून तिने त्याचं नाव जावईबापू ठेवलं होतं. बाकीचे मासे त्याच्यापेक्षा लहान, पण अगदीच चिमुकले नव्हेत. "तोंडात मावेल ते त्याचं," ती म्हणायची. हे मी ऐकलं होतं. पण तिच्याशेजारी उभं राहिलं की माझं निम्मं लक्ष तिच्या ओल्या हाताकडे असायचं.

म्हणूनच तर तो घोटाळा झाला! तिला भेट म्हणून मी एक इवलासा निळा मासा विकत आणला. ती आत चहा करत होती. चकित करावं म्हणून मी तो हळूच टाकीत सोडला. जावईबापू बाहेर आले, त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि ते परत गुहेत गेले.

ती कप घेऊन आली. "चेहरा का असा उतरलाय?"

"तुमच्यासाठी... भेट आणली होती."

"अय्या! कुठे आहे?"

मी गुहेकडे बोट दाखवलं. तिने माझ्या हातातली रिकामी पिशवी पाहिली. "बिचारा!" ती हळहळली, आणि मग माझ्याकडे बघून इतकी हसली की कप खाली ठेवावे लागले.

"अहो पुस्तकवाले, नवा मासा पुरेसा मोठा बघून आणायचा. आणि आधी दगड हलवायचे, सगळे! याची गुहा मोडली की हाही नवा, तोही नवा. दोघं घर शोधत बसतात, भांडायला फुरसत कुणाला?"

"जावईबापू रागवत नाहीत?"

"रुसतात की. मग भूक लागते." तिने एक कप माझ्या हातात दिला. "तुम्ही हो कुठल्या माशांतले? मोठ्या की छोट्या?"

"छोट्या," मी लगेच म्हणालो.

"बघू हं..." ती म्हणाली. मी चहात बघत राहिलो. कान मात्र तापले होते.

त्यानंतर ते पत्र आलं. 'दवाखाना दुसरीकडे जातोय, तिथे टाकीला जागा नाही. टाकीला एक भिंत लागते, मला एक खिडकी. तुमच्याकडे दोन्ही आहेत. लग्नाचंच विचारते आहे, गैरसमज नको. महिनाअखेरपर्यंत कळवा, नाहीतर मासे विकून बहिणीकडे राहायला जाईन.'

मी घाबरलो. हसतमुख, धीट बाई... माझ्यासारख्या बुजऱ्या माणसाला गिळून टाकेल, असं वाटलं. महिना सरत आला.

अशात माझी ताई भेटायला आली आणि खिडकीतल्या माझ्या खुर्चीत बसली. मी तिच्याभोवती घुटमळू लागलो. दिवा सरकवला, उशी उचलली, खाकरलो.

"काय रे हे?" ताई वैतागली. "तुझ्या घरात माणसाने टेकायचं तरी कुठे? सगळीकडे तूच!"

मी खोलीकडे पाहिलं. चारी भिंतींना पुस्तकांची कपाटं, मध्ये खिडकीपाशी एकच खुर्ची. म्हणजे जावईबापू... मीच!

मला हसू फुटलं. "ताई, ऊठ. कपाटाला हात लाव."

"वेड लागलं का?"

"बहुतेक."

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळं हलवलं. शब्दकोश पलंगाखाली गेला, चष्मा कुठे गेला ते कळेना. खिडकीसमोरची भिंत मोकळी झाली. मी तसाच लिहायला बसलो –

'कपाटं हलवली. काहीही सापडत नाही. या घरात आता मीही नवाच आहे. भिंत तयार आहे, खिडकी तुमची. लग्नाला हो. लवकर या... जावईबापूंनाही आणा.'

आणि आयुष्यात पहिल्यांदाच, लिहिलेलं पुन्हा न तपासता, मी ते टपालपेटीत टाकलं.