चांदणवेलीचे सोयरे

साताऱ्याच्या वनस्पती संशोधन केंद्रातल्या काचघरात जगातली शेवटची चांदणवेल वाढत होती. निदान २०६१ सालापर्यंत सगळ्यांची तशीच समजूत होती. ही वेल स्वतःचे पराग स्वीकारत नसे. बी धरायला तिला दुसऱ्या वेलीचेच पराग लागत. दुसरी वेल कुठेच सापडली नव्हती. त्यामुळे फुलं यायची आणि गळून जायची. आता खोडही पोखरलं होतं. हा शेवटचा बहर, हे वेल सांभाळणाऱ्या डॉ. शर्वाणी घाटपांडे यांना कळून चुकलं होतं.

शर्वाणीबाईंना पतंगांचा नाद होता. तिन्हीसांजेला घराच्या गॅलरीत पांढरी चादर टांगायची, मागे दिवा लावायचा आणि कोण कोण येऊन बसतं ते पाहायचं. कुणी हुबेहूब वाळकं पान, कुणाच्या पंखांवर हळदीची बोटं उमटल्यासारखे ठिपके. एका संध्याकाळी लांब सोंडेचा एक राखाडी पतंग आला. त्याच्या डोक्यावर पिवळी भुकटी चिकटली होती. बाईंनी मऊ कुंचल्याने ती हलकेच टिपून घेतली. पतंग उडून गेला.

सकाळी जनुकतज्ज्ञ डॉ. नासिर अत्तार यांनी चिमूटभर भुकटी परागवाचकात घातली. परागकणांतल्या जनुकांवरून हे यंत्र वनस्पती ओळखत असे.

"मॅडम, चांदणवेल!"

शर्वाणीबाई हरखल्या नाहीत. "आपलीच असणार. काचघराच्या छताची झडप मी संध्याकाळी उघडी ठेवते. पतंग येतात, मध पितात, जातात."

"मलाही तेच वाटलं. म्हणून आपल्या वेलीशी जुळवून पाहिलं." नासिरने पडदा त्यांच्याकडे वळवला. "खुणा जुळतात, पण निम्म्याच."

"यंत्र चुकलं असेल."

"पुन्हा पुन्हा तपासलं."

"निम्म्याच..." बाई पडद्याजवळ सरकल्या. "नासिर, हे आपल्या वेलीचे पराग नाहीतच. तिच्या लेकराचे आहेत!"

"पण तिने कधी बी धरलंच नाही."

"आई म्हणून नाही धरलं. पण बाप म्हणून? पतंगांनी इथले पराग बाहेर नेले. बाहेर एक वेल होती, आपल्याला न दिसलेली. तिने बी धरलं. उरलेल्या निम्म्या खुणा तिच्या."

नासिर एकदम म्हणाला, "म्हणजे यातले त्या बाहेरच्या आईवर गेलेले कण आपल्या वेलीला परके आहेत. ती ते नाकारणार नाही! भुकटी उरलीय का?"

"बाटलीत. थंड ठेवलीय."

"मग शोधायला नंतर जाऊ, मॅडम. सोयरीक तर हातातच आहे."

संध्याकाळी फुलं उमलली. शर्वाणीबाईंनी कुंचला हातात घेतला. नासिरने एकेक फूल अलगद धरलं. पतंगाचं काम त्या दिवशी दोघांनी मिळून केलं.

या खेपेला एक फूल गळलं, तेव्हा मागे हिरवी गाठ राहिली. तिची शेंग झाली. शेंग तडकली, तोवर वेल वाळून गेली होती. बिया मात्र टपोऱ्या होत्या.

सगळी रोपं काचघरात ठेवायची नाहीत, असं बाईंनी ठरवलं. काही त्यांनी आपल्या गल्लीत वाटली. शेजारच्या जंगमवहिनींनी कुंडी घेतली आणि काळजीने विचारलं, "पानांवर अळ्या पडल्या, तर काय फवारायचं हो?"

"काहीच नाही," शर्वाणीबाई म्हणाल्या. "थोडी पानं त्यांनाही खाऊ द्या. त्यांचेच पुढे पतंग होतात."