एकच रोप जगलं

"विषप्रयोग!" मुख्याध्यापकांनी टेबलावर मूठ आपटली. "मैदानातली सगळी रोपं मेली. एक सोडून. आणि जगलेलं रोप हिचं!"

ही म्हणजे विज्ञान-पर्यावरण मंडळाची उपाध्यक्ष, नववीतली मुलगी. दाराशी उभी होती. रडून झालं होतं, आता नुसती चिडली होती. गुन्हा शाबीत झाला की तिला शाळेतूनच काढायचं ठरलं होतं.

शाळेने बोलावलेल्या खाजगी गुप्तहेराने जांभई दिली. त्याचा मेहुणा औषधविक्रेता; विष म्हटलं की न बोलावता सोबत यायचा.

"भावजी, माती हुंगून आलो. आर्सेनिकच!"

"आर्सेनिकला वास नसतो."

"तेच म्हणतोय. वासच येत नाही!"

पहिली साक्ष मंडळाच्या अध्यक्षाची. दहावीतला मुलगा, छातीवर हिरवा बिल्ला. संस्थाचालकांचा नातू असल्याने निवड बिनविरोध.

"ती जळते माझ्यावर. वृक्षारोपणाचं नेतृत्व माझं होतं."

"खड्डे किती खणलेस?"

"मी भाषण केलं."

"बरं. कार्यक्रम कसा झाला?"

"संपूर्ण प्लॅस्टिकमुक्त! नंतर कचऱ्याचे डबे तपासले, प्लॅस्टिकचा कपटाही नाही. त्यावरच तर बक्षीस मिळालं. शिस्त मोडली ती हिनेच. फोटोच्या वेळी हिच्या हातात प्लॅस्टिक!"

"मीच ते दप्तरात कोंबायला लावलं," मुख्याध्यापक म्हणाले. "शोभा झाली असती."

"रोपं कुठली?"

"रोपवाटिकेतली. टेम्पो भरून मागवली."

"माझा गुलाबही तिथलाच," मेहुणा मध्येच म्हणाला. "काळ्या पिशवीत मातीसकट देतात. पँट खराब झाली."

गुप्तहेराने प्रथमच त्याच्याकडे आदराने पाहिलं. मग मुलीकडे वळला. "तू रोपांना काय घातलंस?"

"पाणी. सगळ्यांच्याच रोपांना. बाकीचे फोटोनंतर फिरकले नाहीत."

"चला मैदानात."

तिथे गुप्तहेराने कुदळ मागवली आणि एक वाळलेली काडी उकरायला घेतली.

"टेम्पोभर रोपं आली, म्हणजे टेम्पोभर पिशव्या आल्या. डब्यात एकही नाही. मग गेल्या कुठे?"

काडीसोबत काळी पिशवी वर आली. अखंड. आत मुळं गोल गोल फिरून गुदमरली होती.

"पिशवी काढली तर प्लॅस्टिक दिसणार, म्हणून तुम्ही रोपं पिशवीसकट पुरलीत. हिने पिशवी फाडून रोप लावलं. फोटोच्या वेळी हिच्या हातात होती ती हीच पिशवी. तिचं जगलं."

"पण भावजी, विष?"

"बक्षीस."

"आणि खुनी?"

"फोटोत आहेत सगळे. हसतायत."

मुख्याध्यापकांनी घाम पुसला. "हिची शिक्षा अर्थातच रद्द. पण बाळ, तू आधी का नाही बोललीस?"

"मला वाटलं, एवढं तरी सगळ्यांना येत असेल."

अध्यक्षाने बिल्ला सरळ केला. "सर, पुरलेल्या प्लॅस्टिकविरुद्ध रॅली काढू या! नेतृत्व मी करतो."

मुलीने कुदळ उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"कर ना. पहिला खड्डा तो बघ."